सातवा फेरा

मुलीनं चार पानं लिहून दिली,
टपोऱ्या अक्षरात. जिथं थांबायचं तिथं लाल रेघ,
जिथं हसायचं तिथं कंसात 'हसा'.
ती शाळेत वक्तृत्व शिकवते, दर वर्षी ढाल आणते.
म्हणाली, बाबा, आधी श्रोत्यांच्या डोळ्यांत बघायचं.
मी एकतीस वर्षं रस्त्यावरच्या झाकणांत बघितलंय.

पहाटे चारला, माझगावच्या टेकडीखाली,
व्हॉल्व्हच्या खड्ड्यात लांब चावी सोडली
आणि दर फेऱ्याला एक वाक्य म्हणून पाहिलं.
एक. आदरणीय व्यासपीठ.
दोन. माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो.
तीन. आज शब्द अपुरे पडत आहेत...
इथं चावी अडली, की मीच अडलो.
अपुरे कुठले? चार पानं होती.
पावाच्या सायकलवरचा नौशाद पाय टेकून ऐकत होता.
म्हणाला, चाचा, भांडण कोणाशी?

घरी मोरीत पाठ केलं, बादली खडखडवत.
बायकोनं बाहेरून विचारलं, पाणी गेलं का?
मी तिसऱ्या पानावर होतो.

शुक्रवारी वॉर्ड ऑफिसचा दुसरा मजला.
दोन पंखे, त्यातला एक बोलका.
माइक आधी शिट्टी मारून मग कामाला लागला.
नाचणे साहेब माझ्यावर सहा मिनिटं बोलले,
त्यात वायंगणकरचा दोनदा वेंगुर्लेकर झाला.
शाल, श्रीफळ, आणि कागदी बशांतले समोसे,
ज्यांच्याकडे सगळी सभा एकाग्र होऊन बघत होती.

माझं नाव पुकारलं. खिशातून पानं काढली.
घामानं लाल रेघा पानभर पसरल्या होत्या.
आता सगळीकडेच थांबायचं होतं.

थांबलो.

ही शांतता माझ्या ओळखीची.
व्हॉल्व्ह उघडला म्हणून गल्लीतले नळ लगेच बोलत नाहीत.
आधी नुसती हवा येते, खोकते,
मग गंजाचं तांबडं, ते सोडून द्यायचं असतं,
हंडा त्यानंतर लावायचा.
'आदरणीय व्यासपीठ' ही माझी हवा.
'शब्द अपुरे' हे तांबडं.
तेवढं वाहून जाऊ दिलं.

मग म्हणालो,
माथारपाखाडीच्या तोंडाशी जो व्हॉल्व्ह आहे
तो सातव्या फेऱ्याला अडतो. जोर लावू नका.
पाव फेरा मागे या, जरा दम खा, मग पुढे.
जोर लावलात तर आतला दांडा तुटेल
आणि चार गल्ल्या कोरड्या.
हे कुठल्या नकाशात नाही.
कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आणि दुसरं.
एका हळदीच्या रात्री मी एका गल्लीला
वीस मिनिटं जास्त सोडलं.
पैसे घेतले नाहीत. जेवलो.
ती वीस मिनिटं घोडपदेवच्या चढावरच्या घरांची होती.
तिथं कुणाचं लग्न नव्हतं, मला कुणी ओळखत नव्हतं.
कळश्या लावून उभी राहिली असतील माणसं,
नळाला कान देऊन.
हे सेवापुस्तकात नाही. इथं तरी असू दे.

साहेबांनी घड्याळ बघितलं.
आभार राहिले. 'हसा' राहिलं.
टाळ्या आल्या, कमी दाबानं आल्या.
मुलगी मागच्या रांगेत, हातातली पिशवी घट्ट धरून.
तिच्या डोळ्यांत बघितलं मी, नियमाप्रमाणे,
पण फार वेळ जमलं नाही.

समोसे सुरू झाले.
माझ्या जागी आलेला प्रणित घाडी,
तीन आठवड्यांची नोकरी,
बशी पालथी घालून तिच्यावर बॉलपेननं काहीतरी लिहीत होता.
तेलावर शाई उठत नव्हती.
गर्दीतून वाट काढत आला, तोंडात घास तसाच.
"काका," म्हणाला, "पाव फेरा मागे म्हणजे
डावीकडे, की उजवीकडे?"